अठ्ठावीस दिवसांचे औषध

चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात कुत्रा नसलेले आवार शोधूनच काढावे लागेल. वाडीत राखणीला कुत्रा, किनाऱ्यावर मासळीच्या आशेने बसलेली कुत्री, औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर चहाच्या टपरीखाली वेटोळे घातलेली कुत्री. आणि बोईसरकडे चार पैसे खेळू लागल्यापासून बंगल्यांच्या फाटकांतून डोकावणारी अल्सेशियन नि लॅब्रॅडॉर जातीची, घराण्याची कुत्री. घरभेटीस निघालेल्या धर्मगुरूला दारात पहिला सामोरा येतो तो हाच. आमच्या पांढऱ्या झग्यावर त्याच्या पंजांचे शिक्के उमटले की घरधनीण ओशाळते आणि आम्ही ‘असू द्या’ म्हणतो. या स्वागतात एक गोष्ट मात्र आमच्या नजरेतून सुटत नाही. त्याच्या कानाच्या पाळीत, मानेच्या वळीत, बोटांच्या बेचक्यात राखी-तपकिरी मण्यांसारखे काहीतरी घट्ट चिकटलेले असते. ती गोचीड.

गोचिडीला आपण किरकोळ समजतो. तिच्यावरचे घरगुती उपायही ठरलेले आहेत. कोणी रॉकेल चोळतो, कोणी गाडीचे जळके ऑइल फासतो, कोणी तंबाखूचे पाणी शिंपडतो. कुत्रा अंग चाटतो आणि ते सारे त्याच्या पोटात जाते, याचा विचार होत नाही. शिवाय कुत्र्याच्या अंगावर दिसते ती गोचिडींची केवळ आघाडीची फळी. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात, फळ्यांच्या जोडणीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. भुकेली गोचीड काही महिने अन्नावाचून तग धरते. तेव्हा कुत्रा स्वच्छ धुतला आणि घर तसेच राहिले, तर काम अर्धेच झाले असे समजावे.

ही गोचीड चावताना कुत्र्याच्या रक्तात जे सोडते, ते आमच्या या लेखाचे निमित्त आहे. ‘एर्लिकिया कॅनिस’ नावाचा तो एक जिवाणू. १९३५ साली अल्जीरियात दोघा फ्रेंच संशोधकांनी तो प्रथम नोंदवला. व्हिएतनामच्या युद्धात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकन सैन्यातील कुत्री नाकातून रक्त गळून शेकड्यांनी मेली, तेव्हा जगाने त्याची धास्ती घेतली. त्यांत अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड जातीची कुत्री पुष्कळ होती. या जातीला हा आजार अधिक जोराने होतो. आपल्याकडे त्याला सरसकट ‘गोचीडताप’ म्हणतात. हा जिवाणू शरीराच्या शिपायांमध्येच, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींमध्येच घर करतो. चोराने चौकीत बिऱ्हाड करावे, तसा हा प्रकार आहे.

आमच्या ओळखीच्या चिंचणीतील एका घरात हा प्रकार आम्ही जवळून पाहिला. गृहस्थ डायमेकर आहेत. या परिसरातील अनेक घरांची चूल या धंद्यावर पेटते. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी खोल कोरायची आणि त्या साच्यावरून हजारो दागिने निघायचे. डोळ्यांची आणि मनगटाची कठोर परीक्षा पाहणारे हे काम आहे. त्यांचा मोती नावाचा अल्सेशियन संकर, वजनाला वीस किलो. एका उन्हाळ्यात त्याने खाणे टाकले, अंग तापले, हिरड्या फिक्या पडल्या. बोईसरच्या पशुवैद्यांनी रक्त तपासले, प्लेटलेट फारच उतरल्या होत्या. त्यांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिले. किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे मोतीला शंभराच्या दोन कॅप्सुला. अठ्ठावीस दिवस. एकूण छप्पन.

औषध कसे द्यावे तेही त्यांनी सांगितले होते. कोरड्या घशात कॅप्सूल टाकू नये, ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. अन्नाबरोबर द्यावी, वर पाणी पाजावे. दुधातून मात्र देऊ नये, कारण दुधातील कॅल्शियम औषधाला धरून ठेवते आणि ते पुरते अंगी लागत नाही. आपल्याकडे औषध द्यायचे म्हटले की पेढा किंवा दुधातला पाव पुढे येतो. मोतीला उकडलेल्या मासळीच्या तुकड्यातून कॅप्सूल मिळू लागली आणि त्याने ती तक्रारीवाचून गिळली.

तिसऱ्या दिवशी तो उठला. आम्ही सहज विचारपूस केली तर गृहस्थ हसत म्हणाले, “फादर, तिसऱ्या दिवशी उठला हो आमचा मोती!” आणि मग धर्मगुरूपुढे काय बोलून गेलो म्हणून त्यांनी जीभ चावली. आम्हीही हसलो. या औषधाचा गुणच असा आहे. एक ते तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा शेपूट हलवू लागतो, भाकरीचा तुकडा मागतो. आणि याच गुणात त्याचा धोका आहे. कुत्र्याला बरे वाटते, तेव्हा रक्तातील जिवाणू कमी झालेले असतात, संपलेले नसतात. पांढऱ्या पेशींत, प्लीहेत, अस्थिमज्जेत ते दबा धरून बसतात. तिथून त्यांना हुसकायला औषधाचा पहारा दिवसेंदिवस चालू ठेवावा लागतो. म्हणून अठ्ठावीस दिवस.

त्या घरात औषध सहाव्या दिवशी थांबले. कोणी निष्काळजी नव्हते. कुत्रा धावत होता, एवढेच. “बऱ्या झालेल्या जनावराच्या पोटात उगाच उष्ण औषध कशाला?” असे घरातील आजीबाईंचे म्हणणे पडले आणि ते सर्वांना पटले. उरलेल्या चव्वेचाळीस कॅप्सुला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेल्या.

हा डबा, वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. कपाटाच्या वरच्या खणात असतो. त्यात अर्ध्या पट्ट्या, तळाशी साखर झालेल्या खोकल्याच्या बाटल्या आणि नाव पुसट झालेली मलमे असतात. त्या घरच्या डब्यातून पुढे दोन कॅप्सुला दाढदुखीसाठी एका काकांना मिळाल्या. काही शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मुरुमांसाठी गेल्या. आणखी दोन कोणाच्या तरी सर्दीसाठी. देणाऱ्यांचा हेतू शेजारधर्माचाच होता. सर्दी विषाणूची असते आणि जिवाणूंवरील औषध विषाणूवर चालत नाही, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मुले वाचतात, घरात मात्र ती शिरत नाही.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात, स्टॉकहोमच्या आपल्या नोबेल व्याख्यानात, एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो. पण घेतो ते जंतू मरतील इतके नव्हे, तर त्यांना औषधाशी झुंजायचे शिक्षण मिळेल इतकेच. मग त्याच्याकडून ते शिकलेसवरलेले जंतू त्याच्या पत्नीस लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. ती दगावते. फ्लेमिंग यांचा प्रश्न होता की या मृत्यूचा दोष कोणाचा? औषध नुकते कुठे सर्वसामान्यांच्या हाती येऊ लागले होते आणि त्याच्या जनकाला ही चिंता पडली होती.

आता कोणी म्हणेल, तो घसा माणसाचा, हा तर कुत्रा. पण औषध तेच आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचे बळी घेतले. उंदरांच्या, आणि कधी कुत्र्यांच्याही, मूत्रातून पाण्यात उतरणारा तो जिवाणू. अलीकडे दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जे प्रतिबंधक औषध घेण्यास महापालिका सांगते, ते डॉक्सिसायक्लिनच. लेप्टो झालेल्या कुत्र्यालाही ते दोन आठवडे द्यावे लागते. मोतीच्या मासळीच्या तुकड्यात दडवलेली कॅप्सूल आणि मुंबईच्या चाकरमान्याने गिळलेली कॅप्सूल यांत फरक नाही. शिवाय औषध पोटात गेले की ते केवळ गोचीडतापाच्या जिवाणूलाच गाठत नाही. कुत्र्याच्या आतड्यातील, कातडीवरील कोट्यवधी इतर जिवाणूंनाही त्याची ओळख होते. त्यांतले जे टिकतात ते निर्ढावतात. आणि जो कुत्रा ओट्यावर मुलांच्या मांडीवर डोके ठेवतो, त्याचे जिवाणू मुलांच्या हातावर यायला वेळ लागत नाही. एकाच घरातील माणसे आणि कुत्री यांच्यात असे निर्ढावलेले जिवाणू सामाईक असल्याचे संशोधकांना आढळले आहे.

यावर ‘कोर्स नेहमी पुरा करा’ एवढे एकच वचन पाठ करून भागत नाही. वैद्यकाचा विचार पुढे सरकला आहे. कुत्र्याला मूत्राशयाचा साधा जिवाणूसंसर्ग झाला, तर २०१९ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार तीन ते पाच दिवसांचे औषध पुरते. पूर्वी तेच एक-दोन आठवडे दिले जाई. लांबलचक औषधानेही जिवाणूंना शिकायला वेळ मिळतो. कातडीवर पुरळ आले, पू झाला, तर पुष्कळदा पोटात औषध न देता क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने नियमित धुण्याने काम भागते. तेव्हा कोठे पाच दिवस आणि कोठे अठ्ठावीस, हे त्या त्या जिवाणूच्या स्वभावावर ठरते, आणि तो स्वभाव जाणणाऱ्यानेच ठरवावे. आपल्याला बरे ‘दिसते’ म्हणून दिवस कमी करू नयेत, आणि भीती वाटते म्हणून वाढवूही नयेत.

कित्येकदा तर औषधाची निवडच चुकते. गोचिडीमुळे होणारा प्रत्येक ताप एर्लिकियाचा नसतो. तिच्याच चाव्यातून ‘बबेसिया’ नावाचा एक परजीवीही येतो. तो जिवाणू नव्हे, त्याचे औषध निराळे. लक्षणे मात्र जुळी भावंडे शोभावीत अशी. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याविना किंवा तत्सम चाचणीविना औषध देणे हा अंधारात मारलेला दगड होय. पिल्लांना होणारा पार्व्हो हा तर विषाणू. रक्ताची हगवण लागलेल्या पिल्लाला पशुवैद्य प्रतिजैविक देतात ते दुबळ्या आतड्यातून इतर जिवाणूंनी रक्तात शिरू नये म्हणून. पार्व्होवरचा खरा इलाज वेळच्या वेळी टोचलेली लस. आणि ताप आहे म्हणून आपल्या डब्यातील क्रोसिन किंवा ब्रुफेन कुत्र्याला देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. माणसाच्या या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या यकृताची किंवा जठराची दैना होऊ शकते. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते.

जखमेविषयी एक समज आपल्या लोकांत पक्का आहे की कुत्र्याने चाटले की जखम भरते. त्याला पवित्र शास्त्राचाही आधार दाखवला जातो. लूकच्या शुभवर्तमानातील लाझरच्या फोडांना कुत्री येऊन चाटत, हे आपण मिस्सात ऐकतो. संत रॉकच्या चित्रातही त्यांच्या जखमी पायाशी कुत्रा असतो. परंतु लाझरचा दृष्टान्त श्रीमंताच्या दारातील अनास्थेचा आहे, तो काही वैद्यकाचा धडा नव्हे. कुत्र्याच्या लाळेत जिवाणूंना थोडाबहुत आवर घालणारी द्रव्ये आहेत हे खरे, पण त्याच लाळेत असंख्य जिवाणूही आहेत, आणि सतत चाटल्याने जखम चिघळते. पशुवैद्य कुत्र्याच्या गळ्यात ते हास्यास्पद दिसणारे नरसाळे बांधतात ते यासाठीच.

मोतीकडे वळू. पावसाळा सरता सरता त्याच्या नाकातून रक्त येऊ लागले. पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके दिसले. या वेळच्या तपासणीत प्लेटलेटच नव्हे, तर तांबड्या आणि पांढऱ्या पेशीही खाली गेलेल्या होत्या. अस्थिमज्जाच थकली होती. आजाराची ही जुनाट अवस्था. इथे पोचलेले कुत्रे क्वचित परतते. औषध पुन्हा सुरू झाले, सलाईन झाले, दुसऱ्या कुत्र्याचे रक्तही दिले गेले. पहिली छप्पन कॅप्सुलांची किंमत या खर्चापुढे काहीच नव्हती. बाराव्या दिवशी मोती गेला. वाडीतल्या चिकूखाली त्याला पुरले.

“सहा दिवसांनी औषध थांबवलं म्हणूनच का, डॉक्टर?” असे गृहस्थांनी विचारले, तेव्हा पशुवैद्यांनी ठाम होकार दिला नाही. हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. फटीत उरलेल्या गोचिडींनी नव्याने दिला असेल, जुनाच वर आला असेल. दोन्ही शक्य. प्रामाणिक उत्तर होते. पण त्या प्रामाणिकपणाने गृहस्थांची सुटका झाली नाही. कोरणीच्या कामात एक घाव कमी बसला तर साचा फुकट जातो, हे जन्मभर जाणणारा माणूस तो.

त्या दिवसांत आमच्या कानी एक प्रश्न आला, तो अव्हेरण्यासारखा नव्हता. पाड्यावरील माणसांना दवाखाना गाठता येत नाही, आणि इथे कुत्र्याला रक्त चढवतात! प्रश्न विचारणाऱ्या भगिनी स्वतः पाड्यांवर रुग्णसेवा करतात, म्हणून त्यांना बोलण्याचा अधिकार होता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील २४१८ व्या परिच्छेदात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांचे दुःख निवारण्यास जो पैसा आधी जायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे हेही शोभत नाही. आमच्या मते इथे दुसरी बाजू पहिलीला खोडत नाही. कुत्रा पाळला म्हणजे त्याची गोचीड काढणे, लस टोचणे, आजारात वेळेवर चाचणी करून नेमके औषध नेमके दिवस देणे, हा काही विलास नव्हे. विलास पुढे घडतो, पहिले टाळल्यामुळे. सेमिनरीत आम्हांला शिकवलेला एक लॅटिन शब्द आठवतो, ‘कूरा’. काळजी असा त्याचा अर्थ. धर्मगुरूच्या कामाला ‘कूरा अनिमारुम’, म्हणजे आत्म्यांची काळजी, म्हणतात. इंग्रजांनी त्याच शब्दापासून आजार बरा करण्याचा आपला शब्द घडवला. मुळात मात्र तो रोजच्या रोज घ्यावयाच्या काळजीचाच शब्द होता.

औषधाची आपल्या भूमीला वानवा नाही. १९५४ मध्ये पिंपरीस सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. पेनिसिलिन महाराष्ट्रात तयार होऊ लागले. आणि चिंचणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत; आमच्या लोकांतील कित्येक त्यांत पाळी करतात. जे तिथे पिंपांनी भरून जाते, ते इथे बिस्किटाच्या डब्यात वाया जाते. वानवा आहे ती विचारण्याच्या जागेची. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडण गाई-म्हशींभोवती झाली आहे. परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे खरे, पण वाणगाव किंवा बोईसरहून शंभरएक किलोमीटर आजारी कुत्रा घेऊन कोण जाईल? मग जवळच्या औषधाच्या दुकानात ‘कुत्र्यासाठी काहीतरी द्या’ म्हटले जाते, आणि काहीतरी मिळते. प्रतिजैविकांच्या पट्टीवर जी उभी तांबडी रेघ असते, ती चिठ्ठीवाचून न देण्याची खूण आहे. २०१६ पासून केंद्र सरकारने तिच्याविषयी मोहीम चालवली. २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराला ठेवावी लागते. रेघ सर्वांना दिसते. तिचा अर्थ विचारावा असे फार थोड्यांना वाटते.

डायमेकरांच्या घरी वर्षभराने नवे पिल्लू आले. मुलांनीच आणले, नावही त्यांनीच ठेवले, ब्राउनी. या खेपेस घराच्या फटी सिमेंटने बुजवल्या गेल्या, पशुवैद्यांनी दिलेले गोचीडनाशक ठरल्या तारखेला मानेवर पडू लागले. तरीही या वर्षी मे महिन्यात ब्राउनीला ताप आला. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून झाले आणि चिठ्ठी मिळाली. धाकटी आठवीत आहे. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर अठ्ठावीस चौकोनांत शिसपेन्सिलीने बारीक आकडे घातले आहेत. कॅप्सूल दिली की त्या दिवशीचा आकडा ती लाल पेनाने गिरवते. आजीबाई औषधाला अजूनही उष्ण म्हणतात, पण मासळीचा तुकडा त्याच उकडून देतात. हा मजकूर लिहिताना एकोणीस आकडे लाल झालेले आहेत.